नदीतल्या जीवांची नावे

आपल्या संप्रदायाची परंपरा एका माशाच्या पोटातून आली आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माउली आपली गुरुपरंपरा सांगतात, तिथे हा प्रसंग येतो. क्षीरसागराच्या काठी आदिनाथांनी पार्वतीमातेला गुह्य ज्ञान सांगितले, आणि ते ऐकले पाण्यात मकराच्या उदरात लपलेल्या मत्स्येंद्रनाथांनी. पुढे ते गोरक्षनाथांकडे, गहिनीनाथांकडे, निवृत्तिनाथांकडे आणि मग माउलींकडे आले. भगवंताचा पहिला अवतार मत्स्याचा. विटेवरच्या पांडुरंगाच्या कानांत माशाच्या आकाराची मकरकुंडले. पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीची तळमळ हा तर विरहाचा आपला ठरलेला दृष्टांत. मी तो उभ्या आयुष्यात किती वेळा दिला असेल याची गणती नाही.

पण ती मासोळी कोणती, हे मला एकाही श्रोत्याने विचारले नाही. आमच्या खानदेशात मरळ वेगळी, वाम वेगळा, शिंगाळा वेगळा. मरळ तर पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, वरची हवा घेते. तिच्यावर हा दृष्टांत बसवायचा तर विरहाला थोडी सवड द्यावी लागेल. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने माशांवर लिहावे याचे काहींना हसू येईल. माझे म्हणणे असे की, जो मासा ताटात घेत नाही त्यालाच त्याच्याकडे निवांतपणे पाहता येते. नदीत कोणकोण राहते, कोण काय खाते, कोण कुठे अंडी घालते, पाणी बिघडले की आधी कोण निघून जाते, या अभ्यासाला आता नदीच्या परिसंस्थेचा अभ्यास म्हणतात. आपल्या मराठी मुलखात त्याचा इतिहास आहे आणि तो बराच जुना आहे. पोथीत तो राजापासून सुरू होतो. खरे पाहता त्याचा पाया भोई आणि कोळी यांच्या जिभेवर आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, वैद्यक, पाककला, संगीत, हत्ती, घोडे, सारे त्यात आहे. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यात ३५ च्या आसपास माशांची नावे येतात. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान, समुद्रातले आणि नदीतले अशी त्यांची वर्गवारी केली आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही सांगितले आहे. उद्देश म्हणाल तर राजाची गळ टाकून करमणूक, त्यात परमार्थ काही नाही. पण गंमत अशी की, याच ग्रंथाच्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतील काही ओळी सापडतात आणि त्या मत्स्यावताराच्या स्तुतीच्या आहेत. माउलींच्या आधी दीडशेहून अधिक वर्षांची मराठी, आणि तिच्या तोंडी मासा. एकाच पोथीत एका पानावर मासा देव आहे, दुसऱ्या पानावर तो अमुक खातो आणि अमुक पाण्यात राहतो अशी नोंद आहे. पुढे आपण पहिले पान पाठ केले आणि दुसरे मिटून ठेवले.

ते दुसरे पान मिटले तरी ज्ञान बुडाले नाही. ते पोथीतून निघून काठावर गेले. पाटलाला गावाची शीव ठाऊक असते, तसा भोयाला नदीचा तळ ठाऊक असतो. कुठला डोह वैशाखातही आटत नाही, कुठल्या खडकाखाली वाम बसतो, गढूळ पाणी आले की कोण आधी हलतो, हे सारे बापाकडून मुलाकडे तोंडी जात राहिले. त्याला कुणी विद्या म्हटले नाही, कारण ती सांगणारा अंगणाच्या बाहेर उभा राहणारा होता. हे आपल्या समाजाचे पाप आहे आणि ते संतांनी आपल्याला पुरेसे ऐकवले आहे, मी नव्याने काय सांगू?

हे तोंडी ज्ञान छापील कागदावर आले ते एका परक्या माणसामुळे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, एल्फिन्स्टन साहेबाने त्याला दख्खनच्या मुलखाची आकडेवार माहिती गोळा करायला नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांवर त्याने अहवाल लिहिला, म्हणजे आमचा खानदेशही त्याच्या कक्षेत होता. माणसे, पिके, वजने-मापे मोजता मोजता हा गृहस्थ पक्षी, प्राणी आणि मासेही टिपत गेला. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या माशांवर निबंध ठेवला आणि तो १८३९ मध्ये छापून आला. मासे बहुतेक भीमेच्या खोऱ्यातले. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड आणि खुद्द भीमा. पंढरपुरात जी चंद्रभागा होऊन वळते, तिच्याच वरच्या अंगाचे हे पाणी.

आता या निबंधाची खरी मौज पाहा. नव्या माशाला लॅटिन नाव द्यायचे हा त्या शास्त्राचा नियम. साइक्सने लॅटिनचे अर्धेच सोवळे पाळले. पुष्कळ ठिकाणी नावाचा दुसरा शब्द त्याने काठावरच्या मराठी माणसाकडून उचलला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या मोठ्या खवल्यांच्या माशाला आपले लोक खुद्री म्हणत. जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तो आज ‘टॉर खुद्री’ आहे. शिंगाळा तिथे ‘सींघाला’ झाला, शिंगटी ‘सींगटी’ झाली, घोगऱ्या ‘गोग्रा’ झाला. दगडाला चिकटून राहणाऱ्या लहानशा मळ्याचा ‘मुल्ल्या’ झाला. इंद्रायणीत त्याला नाकाडावर उंचवटा असलेला एक चमत्कारिक मासा मिळाला, त्याचे नाव त्याने ‘नुकटा’ असे ऐकले आणि तसेच लिहिले. साहेबाच्या कानाने ऐकलेली, इंग्रजी अक्षरांत बसवलेली ही नावे आज परत देवनागरीत आणताना कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ याचा अंदाज बांधावा लागतो. परंतु ती आपली आहेत यात शंका नाही. त्याच्या आधी, १८२२ मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात बंगालच्या काठावरची नावे अशीच घेतली होती. रीत नवी नव्हती, पण मराठी नद्यांना ती साइक्समुळे लाभली.

शास्त्राच्या पुस्तकात माशाच्या नावापुढे शोधकाचे आडनाव आणि वर्ष लिहितात. खुद्रीपुढे कंसात साइक्स, १८३९. आपल्या भाषेत ही नाममुद्राच म्हणायची. अभंगाच्या शेवटी तुकोबांचे, नामदेवरायांचे, चोखोबांचे नाव येते तसे. फरक इतकाच की अभंगाची मुद्रा ज्याच्या मुखातून शब्द निघाला त्याची असते. इथे शब्द भोयाच्या मुखातून निघाला आणि मुद्रा साहेबाची उठली. साइक्सवर मी राग धरत नाही. त्याने निदान शब्द बदलला नाही. त्याच्या जागी आपला एखादा शास्त्री असता तर त्याने मळ्याचे एखादे लांबलचक संस्कृत नाव करून टाकले असते आणि मूळ शब्द कायमचा बुडाला असता.

साइक्सने घातलेली वाट पुढे बंद पडली नाही. १९५२ मध्ये चं. वि. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी कृष्णेच्या खोऱ्यातला एक लहान मासा शास्त्राला नव्याने दाखवून दिला. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खातो, म्हणून त्याचे नाव ‘खवलचोर’. तेच त्याचे जागतिक नाव झाले. दुसऱ्याच्या अंगावरचे ओरबाडून जगणाऱ्याला इतके नेमके नाव मराठीखेरीज कुठे मिळणार? असे खवलचोर मी भिक्षाफेरीत आणि मठांतही पाहिले आहेत, पण ते असो.

आता खानदेशाकडे येतो. आमच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या अंगावरून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई अशा नद्या तापीमाईला मिळतात. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई येतात. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. बाकी बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, ही सूर्यकन्या मात्र पश्चिमेला जाते. या सातपुड्याचे नाव जगाच्या मत्स्यशास्त्रात गाजले ते सुंदरलाल होरा यांच्यामुळे. हे पंजाबचे विद्वान, १८९६ चा जन्म, कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत हयात घालवली आणि पुढे तिचे संचालक झाले. आडनाव होरा असले तरी होरा मांडून बोलणारे नव्हते. थंडगार ओढ्यात पाय सोडून दगड उलटून पाहणारे होते.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय जोरदार धारेत राहणारे मासे. डोंगरातल्या ओढ्याला पावसाळ्यात जे पाणी येते त्यात माणूस उभा राहत नाही. मग बोटाएवढा मासा कसा टिकतो? आमच्या मळ्याकडे पाहा. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते. खालच्या ओठामागे मांसल चकतीसारखी गादी असते, ती तो दगडावर दाबून धरतो. पुढचे पर आडवे पसरलेले, पोट चपटे. धार अंगावरून निघून जाते. दगडावरचे शेवाळ खरवडून तो पोट भरतो, म्हणजे त्याचे घर आणि ताट एकच. दगड गेला की दोन्ही गेले. या साध्या वाक्यात नदीच्या अभ्यासाचे अर्धे शास्त्र आले आहे, आणि वाळू-गोटे उपसून नेणाऱ्या डंपरवाल्यांना ते ठाऊक नाही असेही मला वाटत नाही.

होरांना एक कोडे पडले होते. अशा धारेतल्या माशांचे काही प्रकार ईशान्येला आसामच्या डोंगरांत, पुढे मलायाच्या बाजूला सापडतात, आणि मग एकदम दक्षिणेला सह्याद्रीत. मधे हजारो मैल सपाट, कोरडा मुलूख. मासा काही चालत जात नाही. त्यांनी १९४९ मध्ये मांडले की पूर्वी, जेव्हा हवा आजच्याहून ओली होती, तेव्हा हे मासे आसामकडून राजमहाल, छोटा नागपूर, विंध्य आणि सातपुडा अशा डोंगरांच्या ओळीने ओढ्याओढ्याने सरकत आले आणि सातपुड्याच्या पश्चिम टोकावरून सह्याद्रीत उतरून दक्षिणेला गेले. एका नदीचा उगम झिजून शेजारच्या नदीने तिचे पाणी ओढून घेतले की त्या पाण्याबरोबर मासेही पलीकडे जातात. हजारो वर्षे, मुक्काम करत करत, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात. ही ‘सातपुडा उपपत्ती’ म्हणून ओळखली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दिंडीच आली. मुक्ताईची पालखी आमच्या कोथळीहून निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरीला पोचते, तिचा पल्ला लांब म्हणून आम्हाला अभिमान. ही वारी युगांची, आणि तिची वाट आमच्या उंबऱ्यावरून गेलेली.

पुढच्या अभ्यासकांनी या उपपत्तीवर आक्षेप घेतले आहेत. सातपुडा त्या काळी तितका उंच आणि ओला होता का, ही मोठी शंका आहे. काही जण म्हणतात की दूरच्या दोन ठिकाणी सारख्याच धारेत राहिल्यामुळे मासे सारखे दिसू लागले, ते एकाच घरातले असतीलच असे नाही. आता माशाच्या रक्तामांसातून वंशावळ वाचण्याची विद्या आली आहे, तिने काही ठिकाणी होरांचे मांडणे मोडीत काढले आहे. शास्त्रात असे चालतेच. पण एका गोष्टीसाठी मी होरांना दंडवत घालतो. त्यांनी जुन्या पोथ्या टाकल्या नाहीत. सोमेश्वराचा मत्स्यविनोद त्यांनीच १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञाच्या नजरेने उलगडला. त्याच्या आधीच्या वर्षी सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाकडे त्यांनी मत्स्यरक्षणाचा कायदा म्हणून पाहिले. त्या लेखात काही मासे आणि कासवे अवध्य ठरवली आहेत. शिवाय चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा आणि तिष्य पौर्णिमा यांच्या आसपासचे दिवस आणि उपोसथाचे दिवस मासे मारू नयेत, विकू नयेत असे सांगितले आहे. आषाढी पौर्णिमेला तर माशाच्या पोटात अंडी असतात. चातुर्मास म्हणजे काय, याचे आपण देवाच्या झोपेपासून कांदा-लसणापर्यंत विवेचन करतो. नदीच्या बाजूने पाहिले तर तो जन्माचा काळ आहे.

हे मला तापीकाठच्या एका वृद्ध भोयाने फार वर्षांपूर्वी आपल्या रीतीने सांगितले होते. चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, सप्ताहाची कीर्तने चालू होती. तिथेच पलीकडे मेहूणच्या बाजूला मुक्ताईमाउली विजेच्या कल्लोळात गुप्त झाल्या. म्हातारा दुपारी देवळाच्या ओट्यावर येऊन बसे. म्हणाला, महाराज, तुमची दिंडी आखाडात वर चढते, तसा मासाही आखाडातच वर चढतो. पहिला गढूळ लोंढा आला की तो उलट्या धारेने निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात, जिथे पाणी उथळ, गवत बुडालेले, बारीक खडी. तिथे अंडी घालतो. याला चढणीचे मासे म्हणतात. त्याचे वडील सांगत की चढणीच्या माशाला जाळे लावू नये. मी विचारले, मग लावत नव्हता का? तो हसला आणि म्हणाला, सांगत होते वडील, पोट ऐकत नव्हते. पण सारा नाला आडवा बांधून टाकायचा नाही, एक कड मोकळी सोडायची, एवढे पाळत होतो.

एक कड मोकळी. आमच्या नद्यांची रचना समजली की या शब्दांचे मोल कळते. खानदेशातल्या पुष्कळ नद्या होळीनंतर वाळूत शिरतात. वर कोरडे पात्र, मधे मधे डोह. अमळनेरला सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रातच आहे आणि वैशाखात यात्रा भरते तीही पात्रात. लाखो पावले जिथे उठतात तिथे पाणी नसते. पण नदी मेलेली नसते. मासे, खेकडे, गोगलगाई, शिंपले, सारे संसार घेऊन डोहात बसलेले असतात किंवा ओल्या वाळूत, चिखलात खोल गेलेले असतात. डोह हा नदीचा बी-बियाण्याचा कणगा. मृगाचे पाणी आले की तिथूनच सारी नदी पुन्हा पेरली जाते. वाळू पाणी धरून ठेवते, झिरे जिवंत ठेवते. ती उपसली की डोह आटतो, आणि डोह आटला की पुढच्या आषाढात वर चढायला कुणी उरत नाही. गिरणेच्या आणि तापीच्या पात्रांत पोकलेनने पाडलेले खड्डे पाहिले की मला कणगा फोडल्यासारखे वाटते.

आपल्या लोकांनी काही डोह देवाचे करून ठेवले, त्यामागे हीच समज असावी. महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे कुणी मारत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात महादेवाच्या आश्रयाने मोठे महसीर मासे आहेत. देहूला तुकोबांच्या इंद्रायणीतले मासे धरायचे नाहीत ही रीत. आज त्याच इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्यातच बुडी मारतात. पुण्याच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये इंद्रायणीच्या माशांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला, त्यात सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांचा धोका स्पष्ट मांडला आहे. ज्या इंद्रायणीत साइक्सला नुकटा मिळाला, तो नुकटा आता जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. खुद्री मात्र लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी गेली पन्नासेक वर्षे मुद्दाम वाढवली जाते, म्हणून तिचे थोडे बरे आहे.

आमच्याकडे पाण्याला अडवणे नवीन नाही. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. बुटका दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड, फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या. भांडण झाले तरी पाणी थांबत नसे. असा बंधारा पूर आला की पाण्याखाली बुडतो, नदी त्याच्या डोक्यावरून जाते आणि चढणीचा मासाही. धरणाचे तसे नाही. तापीवर खाली गुजरातेत काकरापारचा बंधारा झाला, मग १९७२ मध्ये उकाई झाले. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला येणाऱ्या हिलशाला वाट उरली नाही. बराकपूरच्या केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी तापीच्या माशांची पाहणी करून ठेवली म्हणून निदान कोण कोण होते ते कागदावर आहे. गिरणा धरण १९६९ चे. हतनूर १९८२ मध्ये पुरे झाले, ४१ दरवाज्यांचे, आणि त्याचे पाणी मागे थेट चांगदेवच्या संगमापर्यंत फुगले. जिथे दोन नद्यांच्या धारा एकमेकींत घुसताना दिसत, तिथे आता गाळावर उभे राहिलेले संथ पाणी आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात, ते पाहायला माणसेही येतात. संथ पाण्यात कटला, रोहू सोडतात. चिलापी न सोडता वाढते. तो मासा १९५२ मध्ये परदेशातून भारतात आणला आणि आता त्याला काढणे कुणाच्या हातात नाही.

हतनूरला मी शिव्या देणार नाही. रावेर-यावलची केळी, भुसावळचे पिण्याचे पाणी, दीपनगरची वीज, सगळे त्या पाण्यावर आहे. केळीचा प्रसाद खाऊन धरणाला नावे ठेवणे शोभत नाही. पण धरणात पाणी किती, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात रोज छापून येते. त्या पाण्यात कोण जिवंत आहे, हे वर्षातून एकदाही येत नाही.

ते मोजणारे आहेत, थोडे आहेत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी तापी, गिरणा, पांझरा यांच्या माशांच्या याद्या करत असतात. गेल्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका ओढ्यावर अशी एक तुकडी मला भेटली. मुली जास्त होत्या. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या दगड उचलत, खालची बाजू पांढऱ्या ताटलीत धुवत आणि ताटलीत वळवळणारे किडे मोजत. त्यांनी मला समजावले की चतुर आणि त्याच्यासारखे कितीतरी उडणारे किडे बाळपणी पाण्यात दगडाखाली राहतात. त्यांतले काही अगदी स्वच्छ, खळाळत्या पाण्यातच जगतात. ते सापडले तर नदी निरोगी. ते गेले आणि गाळात राहणारे तांबडे किडेच उरले तर पाण्यात प्राणवायू कमी झाला. पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेली तर त्या दिवसापुरते कळते, पण दगडाखालचा किडा महिनोन्‌महिने तिथे राहिलेला असतो, तो साक्षीदार खोटे बोलत नाही. मला हे फार पटले. गावात कीर्तनाला गेल्यावर गाव कसे आहे ते मी सभामंडपातल्या गर्दीवरून कधी ठरवत नसे, विहिरीवरच्या बोलण्यावरून ठरवत असे.

जाळ्यात एक लहान मासा आला. त्यांच्यातल्या एकीने तो तळहातावर उताणा करून ओठामागची चकती दाखवली आणि वहीत लिहिले, ‘गारा मुल्ल्या’. मी म्हटले, पोरी, हा आपला मळ्या. तिने विचारले, बाबा, तुम्हाला लॅटिन येते? मी तिला साइक्सची गोष्ट सांगितली. भोयाचा शब्द पुण्याकडून लंडनला गेला, लॅटिनचे अंगरखे घालून पुस्तकात बसला आणि पावणेदोनशे वर्षांनी तिच्या वहीत परत आला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने लॅटिनपुढे मळ्या असे लिहिले आणि माझ्यापुढे वही धरली. त्या पानावर आणखी मासे होते. लॅटिन नावांचा रकाना भरलेला आणि त्याच्या शेजारी स्थानिक नावाचा रकाना रिकामा. शिंगाळा, वाम, मरळ मी सांगितले. बाकीचे मला येईनात. तिने ओढ्याजवळच्या पाड्यावर विचारले होते. तरुण पोरांनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिले होते, बारीक मासे.

नाम आणि रूप यांच्या नात्यावर आपण तासन्‌तास बोलतो. इथे काही माशांचे रूप गेले आणि नाम लंडनच्या पुस्तकात राहिले. काहींचे रूप अजून ओढ्यात पोहते आहे आणि नाम गेले. साइक्सने भीमेची नावे टिपली, तापीचे काठ त्याच्या निबंधात त्या मानाने मोकळेच राहिले. आमच्या अहिराणीत त्या माशांना जे म्हणत, ते कुणी लिहून घेतले नाही. भाषेच्या सीमा नदीला नसतात हे खरे, पण पूर्णेकाठी एक नाव आणि पांझरेकाठी दुसरे असे हमखास असायचे, आणि त्या दोन नावांत बहुधा दोन सवयी टिपलेल्या असत. एका गावाने रंग पाहिला, दुसऱ्याने चाल पाहिली.

चांगदेवचा तो म्हातारा केव्हाच गेला. त्याच्या घरचे कुणी आता जाळे टाकत नाही. एक नातू वरणगावला नोकरीला आहे असे कळले, त्याला आजोबांनी सांगितलेली नावे आठवत नाहीत. मुडावदला, जिथे पांझरा तापीला मिळते आणि कपिलेश्वराचे देऊळ आहे, तिथे नव्वदीच्या घरातला एक भोई आहे आणि त्याला डोहागणिक मासे सांगता येतात, असे माझ्या एका जुन्या टाळकऱ्याने कळवले आहे. त्या मुलीला मी तसे सांगून ठेवले. तिच्या सरांनी गाडीची सोय करतो म्हटले आहे. कार्तिकी झाली, पाणी निवळले, की आम्ही वही घेऊन जाणार आहोत.